ग्रंथपाल बाई पाडू नयेत याबाबत

प्रति,
मा. इतिवृत्त अधिकारी,
सभा व अभिलेख शाखा,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मासिक सभेच्या इतिवृत्तातील विषय क्र. १२ अन्वये माझ्या पत्नीस पाडण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, माझ्या दारावर चिकटवलेली. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. ३) आपले एक उत्तर.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, मी अठ्ठावीस वर्षे दुकानांच्या पाट्या हाताने रंगवीत होतो. छापील फलक आल्यावर ब्रश धुऊन ठेवले आणि घरच्या संगणकावर चित्रफितींना शीर्षके व सबटायटल घालण्याचे काम शिकलो. संगणक पत्नीच्या शिवणयंत्राच्या मेजावर आहे, त्यामुळे काम करताना माझे पाय उगाचच हलत असतात. गावातले स्टुडिओवाले म्हणत असत की घरच्या संगणकावर फार तर वाढदिवसाची फीत होईल, सभेची नव्हे. त्यांची तोंडे आपल्याच कार्यालयाने बंद केली. माझा नमुना पाहून आपण "दर्जा : व्यावसायिक" असे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने दिलेत. ते मी काचेच्या चौकटीत लावले असून येणाऱ्या-जाणाऱ्यास, दूधवाल्यासकट, दाखवतो हेही कबूल करतो.

२. सदर सभेची फीत अडीच तासांची होती. तिच्यावर मी चार दिवस बसलो. प्रत्येक विषयाचे शीर्षक पिवळ्या अक्षरांत, खाली मंद सावली देऊन, थेट चित्रावर कोरले. ती शीर्षके जागची तसूभरही हलली नाहीत. बोलण्याची सबटायटल मात्र वेगळ्या फाइलीत असतात, आणि ती फाइल तयार करताना संगणक विचारतो की सेकंदाला चित्रे किती. आपल्या कॅमेऱ्याची पंचवीस होती. मी चोवीस निवडली. चित्रपटाला चोवीस असतात असे मी वाचले होते, आणि आपली सभा चित्रपटासारखी दिसावी अशी माझी प्रामाणिक इच्छा होती.

३. एका चित्राने काय होते, असे कोणासही वाटेल. मिनिटाला अडीच सेकंद अक्षरे मागे पडतात. मी पहिले एक मिनिट तपासले. शब्द किंचित उशिरा उमटताना दिसले, परंतु सभापती अडखळत बोलतात म्हणून तसे होत असावे असा समज करून घेतला व फीत आपल्याकडे जमा केली. दोन तासांनंतर हा फरक पाच मिनिटांचा झाला. म्हणजे एका विषयावरचे बोलणे पुढच्या विषयाच्या शीर्षकाखाली उमटू लागले.

४. आपल्या शाखेतील इतिवृत्त लिपिक हे अत्यंत कामसू गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या संगणकाला स्पीकर नाहीत. स्पीकरची मागणी त्यांनी नोंदवली असून ती सहा वर्षे "विचाराधीन" आहे. त्यामुळे त्यांनी फीत आवाजाविनाच पाहिली आणि जे दिसले ते इतिवृत्तात उतरवले. पुढच्या सभेत ते "वाचले असे समजून" एकमताने कायम झाले.

५. विषय क्र. ११ जुन्या पाण्याच्या टाकीचा होता, क्र. १२ माझ्या पत्नीच्या, म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंच्या, सेवानिवृत्तीचा आणि क्र. १३ बंद पडलेला रोडरोलर मोडीत काढण्याचा. कायम झालेल्या इतिवृत्तात विषय क्र. १२ खाली अक्षरशः असे लिहिले आहे : "सदर ग्रंथपाल बाई फार जुन्या झाल्या असून एका अंगाला कलल्या आहेत. तळाशी गळती आहे. कोणाच्या अंगावर कधी कोसळतील याचा नेम नाही. तीस दिवसांत पाडून मलबा उचलण्यात यावा." पत्नीची पाठ थोडी वाकली आहे हे खरे, पण तिला गळती नाही. टाकीला दहाव्या विषयातला चहाच्या टपरीचा परवाना मिळाला असून तो तिच्या खांबाला टांगलेला मी स्वतः पाहिला.

६. नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपले मुकादम दोन माणसे घेऊन आले. धोकादायक बांधकामाभोवती दहा फुटांवर लाल-पांढरी पट्टी असावी असा नियम आहे. परंतु हे बांधकाम चालते. म्हणून ती दोन माणसे पट्टी धरून सकाळी दहा ते सहा पत्नीच्या पुढे-मागे असतात. वाचनालयात वाचक पुस्तके लांब काठीला बांधून परत करतात. मुकादम स्वभावाने सज्जन आहेत. ते तिला म्हणाले, "बाई, आतलं सामान तेवढं आधी काढून ठेवा, म्हणजे नंतर आमच्यावर आळ नको." आपल्या अभियंत्यांनी तिची पाहणी करून "सकृद्दर्शनी भक्कम, आणखी वीस वर्षे हरकत नाही" असा अहवाल दिला होता. तो इतिवृत्ताशी विसंगत असल्याने फेटाळण्यात आला.

७. माझ्या तीन अर्जांना आपण एक उत्तर दिलेत. त्याचा मथितार्थ असा की, सबटायटल व्यावसायिक दर्जाची असतील तर इतिवृत्त बरोबर आहे. ती तशी नव्हती असे मी स्वतः लिहून दिले, तरच इतिवृत्त दुरुस्त होईल. मात्र मग प्रमाणपत्र रद्द होईल आणि यापुढे कोणाच्याही घरच्या संगणकावरचे काम कार्यालय स्वीकारणार नाही.

८. महोदय, सांगण्यास लाज वाटते, पण या उत्तरानंतर मी एकवीस दिवस काढले. लिहून देण्याऐवजी इतर मार्ग शोधले. संपूर्ण सभा पुन्हा भरवून सर्वांनी थोडे सावकाश बोलावे, म्हणजे अक्षरे जुळतील, अशी लेखी सूचना मी सभापतींना केली. पत्नीस पुरातन वास्तूंच्या यादीत घालता येईल का याचीही चौकशी केली. त्यासाठी तिचे वय कमी पडते. पत्नी तोपर्यंत एकदाच बोलली होती. "अहो, दुकानांवर एवढ्या पाट्या रंगवल्यात, चूक झाली एवढंच लिहायला हात का जड होतो तुमचा?" मी प्रमाणपत्राची काच पुसायला घेतली.

९. काल पाडकामाचे यंत्र आमच्या दारात येऊन उभे राहिले. चालकाने कामाचा कागद दोनदा वाचला व घरात बांधकाम कुठे आहे असे विचारले. पत्नीने त्याला पाणी दिले आणि "मीच ती" म्हणाली. तो पाणी अर्धे टाकून बाहेर जाऊन बसला. ती आत आली, चष्मा, दोन साड्या आणि वाचनालयाच्या किल्ल्या एका पिशवीत भरल्या, आणि मला अगदी साध्या आवाजात विचारले, "मी अंगणात कुठे उभी राहू? खिडकीला धक्का लागायला नको, काच आत्ताच बसवली आहे." ती रागावली असती तर मी आणखी दोन दिवस काढले असते, इतका मी हट्टी आहे.

१०. त्यानंतर मी ती फीत प्रथमच डोळे मिटून नुसती ऐकली. विषय क्र. १२ वर सभापती खरे काय बोलले ते रोडरोलरच्या नावे नोंदले गेले आहे. त्या शब्दांवर रोलरचा निरोपसमारंभ झाला, त्याला पुष्पगुच्छ वाहिला गेला, आणि मी टाळ्याही वाजवल्या. ते शब्द असे : "एकोणतीस वर्षांत या कधी उशिरा आल्या नाहीत. वाचता न येणारी माणसं यांच्याकडे पत्रं घेऊन यायची, आणि त्यातलं एक अक्षर यांनी बाहेर जाऊ दिलं नाही. यांच्यासारखं माणूस आपल्याला परत मिळणार नाही." हे सर्व मीच टाइप केले होते. चार दिवस मी माझ्याच बायकोचे कौतुक अक्षर अक्षर लावत होतो आणि माझे सगळे लक्ष सावली किती मंद ठेवावी याकडे होते. ते कोणाबद्दल आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही.

११. सबब, कोणत्याही दडपणाखाली नसताना लिहून देतो की, सदर सबटायटल व्यावसायिक दर्जाची नव्हती. चूक लिपिकाची नाही, संगणकाची नाही, माझी आहे. प्रमाणपत्र रद्द करावे, विषय क्र. १२ दुरुस्त करावा आणि यंत्र परत बोलवावे. चालक सकाळपासून काही खायला तयार नाही.

१२. बाराव्या विषयाचे मूळ शब्द ब्रशने कागदावर उतरवून सोबत जोडले आहेत. त्या सभेला पत्नी हजर नव्हती, तिची वाचनालयाची वेळ होती. म्हणून हा अर्ज लिहायला घेण्यापूर्वी ते मी तिला वाचून दाखवले. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुन्हा वाचा. आणि या वेळी सावकाश."

हे वाचून संपेपर्यंत पाडकाम सुरू होऊ नये, एवढीच प्रार्थना.

आपल्या कार्यालयाचा आज्ञाधारक,
आजपासून बिनप्रमाणपत्राचा,
सही/-
पाट्यावाले (ग्रंथपाल बाईंचे यजमान)

दिनांक : मुदतीचा अठ्ठाविसावा दिवस, दुपारी बारा.

सोबत :
१) प्रमाणपत्र, काच व चौकटीसह.
२) विषय क्र. १२ चे मूळ शब्द, हस्तलिखित, एक प्रत. दुसरी प्रत पत्नीने मागून घेतली आहे.