बदललेला रक्तगट

१२ जानेवारी २०२५, रविवार

दिवाळीपासूनचा नागपूरचा मुक्काम संपला! मंगरूळपीरच्या टोकाला नव्या लेआउटमधलं हे घर मामांनी आमच्यासाठी रिकामं करून दिलंय. फरशी नवी, भिंतींना ओल नाही, जवळपास गुरं नाहीत. इंझोरीच्या आमच्या घरी गोठा, कडबा, धान्याची धूळ. तिथे इतक्यात पाऊलही ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून बाबा तिकडे आणि आई न् मी इकडे. खिडकीला बारीक जाळी, तिच्यापलीकडे तुरीचं वावर. इतका आनंद झाला की मास्क लावायचा विसरले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

१५ जानेवारी, बुधवार

हुरड्याचे दिवस, आणि मला हुरडा बंद. कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद, कुंडीतलं फूलही बंद. पाणी उकळलेलं, भात वाफाळता. लहानपणी घेतलेल्या लसी पुसल्या गेल्या म्हणे. तान्ह्या बाळासारख्या सगळ्या पुन्हा टोचून घ्यायच्या. तिसाव्या वर्षी!

माझं शरीर रक्त बनवायचंच थांबलं होतं. धाकट्या भावाच्या, हरीओमच्या मूळ पेशी जुळल्या, त्या मला दिल्या. माझा रक्तगट ओ होता, आता त्याचा बी होतोय. तो मात्र महिन्याभरापासून फोन करत नाही. पुण्याला नवी नोकरी आहे, सुटी नाही, असं आई सांगते आणि लगेच भांडी घासायला उठते.

१९ जानेवारी, रविवार

हरीओम आला! दुपारी आईचा डोळा लागला होता. खिडकीशी कोणी उभं असल्यासारखं वाटलं, पाहते तर हा. केसांवर राखाडी धूळ, म्हटलं तुरीच्या मळणीतून आला असेल. शर्टाच्या बाह्या ओल्या. आत ये म्हटलं तर म्हणाला, "आत नाही येत ताई, तुले काही होईन." किती समजूतदार झालाय! न सांगता सुटी काढलीय, म्हणून आईला सांगू नको म्हणाला.

२२ जानेवारी, बुधवार

रोज दुपारी येतो. बोलत फार नाही. कसं वाटून राह्यलं, भूक लागते का, रक्त किती वाढलं, एवढंच विचारतो. काल मी जाळीवर तळहात ठेवला, पलीकडून त्याने ठेवला. जाळीतूनही हात गार लागला, विहिरीच्या पाण्यासारखा.

आज माझे तळहात लालबुंद झालेत, जळताहेत. आईने नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं. भावाच्या पेशी कधी कधी तुमच्याच अंगाला परकं समजतात. रक्त तपासून घ्या.

२५ जानेवारी, शनिवार

पांढऱ्या पेशी उतरल्या. सोमवारी नागपूरला या, असा निरोप आला.

मला राहवलं नाही. हरीओम रोज येतो, जाळीतून हात लावतो, असं आईला सांगून टाकलं. तिच्या हातातलं पातेलं पडलं. कुठे उभा राहतो, काय घातलं होतं, एवढंच तिने विचारलं. रागावली नाही.

संध्याकाळी बाबा आले. अंगणातच उभे राहिले, टोपी काढली. डोक्यावर नुकतेच उगवलेले केस.

माझ्यासाठी घर बघून परतताना मालेगावच्या रस्त्यावर हरीओमची मोटरसायकल घसरली. डिसेंबरात. तेव्हा माझ्या अंगात त्याच्या पेशी नुकत्याच धरल्या होत्या, हाय खाशील म्हणून कोणी सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "म्याच त्याले आग देली, बाई. म्याच पैनगंगेत सोडलं."

मग रोज इथे कोण येतं?

२६ जानेवारी, रविवार

आला. सकाळीच. मला कळलंय, असं त्याला सांगितलं. रडत होते. तो रडला नाही.

"पान्यात लय थंडी हाय ताई," म्हणाला. "मायं रगत दे."

मी म्हटलं, ते कसं देऊ, मी मरेन. तर म्हणतो, "मंग मी आत येतो. तिथं माई जागा हाय."

पडदा ओढला. पडद्याखालची फरशी ओली आहे.

२७ जानेवारी, सोमवार

गाडी आली नाही. आईनेच नको म्हणून कळवलं, हे ड्रायव्हरला फोन केला तेव्हा कळलं. ताप चढलाय. डॉक्टरांना फोन कर म्हटलं, तर आई खिडकीशी बसून होती. जाळीला गाल लावून. त्याला आवडायचं म्हणून वांग्याचं भरीत, भाकर—ताट बाहेर ओट्यावर ठेवलंय.

मी विचारलं, काहून आई? ती म्हणाली, "त्याले थंडी वाजून राह्यली वं. तू तं पांघरुणात आहेस."

२८ जानेवारी

फोन आईने घेतलाय. अंग तापतंय, हात मात्र गार—त्याच्यासारखे. मी तिच्या पाया पडले. तुझं एक लेकरू जिवंत आहे म्हटलं. तिने डोक्यावरून हात फिरवला, पदराने घाम पुसला. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "दोघंबी तुया अंगातच राह्यतीन ना."

बाबा येणार होते—

दुपार

खोलीची कडी मी आतून लावलीय. बाहेरच्या दाराची कडी काढल्याचा आवाज झाला. आई हसतेय. केवढ्या दिवसांनी हसतेय.

त्याला म्हणते, चपला बाहेर काढ, बापा. हात धू साबनानं. ताईले जपा लागते.

नळ वाहतोय

थांबला

ओल्या पायांचा—दाराखालून पाणी—

तो हाक नाही मारत. माझ्याच तोंडून ताई, ताई असं—मी नाही म्हणत आहे हे, मी