तेजलवरची पाळत

६ जानेवारी
अंबाजोगाईहून बोईसरला आले एकदाची! खोली छान, हवेशीर. फक्त वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास येतो. त्याच कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारं आमचं छोटंसं ऑफिस. मालकीण प्रेमलाताई. शेजारच्या टेबलावर चिंचणीची तेजल. तिनं पहिल्याच दिवशी डबा पुढे सरकवला, आमी हाय ना, घाबरू नको म्हणाली. मार्चमध्ये दोघींपैकी एकीलाच कायम करणार आहेत. ती मीच असणार!

१५ जानेवारी
ताईंच्या तोंडी सारखं तेजल, तेजल. तिचं काम चोख, बोलणं गोड, चिंबोऱ्यांचं कालवण तर विचारूच नका. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हो, जळते मी तिच्यावर.

१९ जानेवारी
आमचे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात, म्हणजे मशीनच्या आतल्या बंद खोल्याच त्या. त्यात वॉचर असतो, फाइलींवर पाळत ठेवणारा. असाच एक मी गुपचूप लावला. तेजलकडे जे बदलेल, ते माझ्याकडे तस्संच व्हावं. घाईत फोल्डरचा पत्ता टाकायचा राहिला. नुसतं ‘तेजल’ आणि माझं नाव, ‘ज्ञानेश्वरी’, एवढंच लिहिलं. तरी चाललं! बाहेरच्या बदलाची वर्दी कंटेनरच्या आत पोचत नाही, म्हणून तो दम न घेता विचारत राहतो, बदललं का? बदललं का? थेट माझाच स्वभाव.

२४ जानेवारी
आमच्या सामाईक मशीनचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, पंखा नुसता बोंबलतोय. तेजलनं विचारलं, मशीन एवढा तापलाय, कोण काय चालवतंय? मी साळसूदपणे मान हलवली. तिचं सगळं काम आपोआप माझ्याकडे येतंय. आज ताईंनी माझी पाठ थोपटली.

२९ जानेवारी
मासे साफ करताना तेजलचं बोट कापलं. ती पट्टी दाखवत होती आणि माझ्या त्याच बोटातून रक्त यायला लागलं. मी तर काही कापलंच नव्हतं.

२ फेब्रुवारी
तेजल केस कापून आली. जेवताना माझे केस ताटात पडले — झुपकेच्या झुपके. आता अगदी तिच्याएवढे आहेत.

४ फेब्रुवारी
वॉचर बंद केला, कंटेनर काढून टाकला. मशीन थंड, पंखा गप्प. माझं कपाळ मात्र फणफणलंय. आणि डोक्यात सारखं — बदललं का? बदललं का?

५ फेब्रुवारी
तेजलला सांगून टाकायला गेले. तीच आधी म्हणाली, मार्चची वाट न बघता ताईंनी मला आजच कायम केलं. मनात आलं, मरत का नाही ही —

६ फेब्रुवारी, दुपार
ताईंचा फोन. मनोरजवळ हायवेवर तेजलच्या स्कूटीला ट्रकनं — श्वास चालू आहे म्हणे.

माझा उजवा पाय — हाड बाहेर —

तेजल, जग गं. नोकरी तुझी, सगळं तुझं, फक्त —

पुन्हा ताई. रडताहेत. म्हणताहेत, तेजल आत्ताच ग