मयत आबा गावाला गेले

३ मार्च २०२५, सोमवार
मुलांच्या चॅनलचा मेल आला. माझ्या वेबसिरीजचं कार्टून करायचंय म्हणे. तीनदा वाचला, मग नमिताला दिला. ती म्हणाली, मुलांचं चॅनल आहे, नीट विचार कर. बायकोला मोठी बातमी लगेच पचत नाही.
पुढच्यांसाठी नोंद: सिरीजचं नाव 'शिवत नाही'. अकरा भाग, सगळी चित्रं माझी, पावणे गावातल्या आमच्या घरात माळ्यावर बसून काढलेली. एकच दहावं. पिंड ठेवलाय, नातेवाईक हात जोडून उभे, पण कावळा शिवत नाही. कारण मयत आबा कुंपणावर बसून त्याला अडवतात. प्रत्येक भागात एक नातेवाईक खरं बोलतो. अकरा भाग झाले तरी पिंड तसाच. आबांचा आवाज आमच्या बाबांचा.
संकल्प: एक फ्रेमसुद्धा बदलू द्यायची नाही.

५ मार्च, बुधवार
बाबांना सांगितलं. आमच्या गावात दहाव्याला कावळा आला नाही की लोक म्हणतात, गोटीरामला बोलवा. बाबा जातात, हात जोडतात आणि मेलेल्याच्या मनातलं नेमकं बोलतात. कमळीआत्याच्या वेळी पोरं तासभर फ्लॅट नि दागिने सगळं कबूल करून दमली होती. बाबा येऊन एवढंच म्हणाले, कमले, तुज्या कोंबऱ्या कोन विकनार नाय. कावळा लगेच आला.
दुपारपर्यंत सगळ्या आळीला बातमी. बाबांनी आवाजासाठी बिडी सोडली. चाळीस वर्षांत आईला जमलं नाही, ते माझ्या कलेने केलं.

२० मार्च, गुरुवार
सीवूड्सला मीटिंग. चॅनलच्या जागृती मॅडम फार हुशार. म्हणाल्या, डार्क ह्यूमर आम्हाला खूप आवडतो, फक्त मरण नको. मी ठाम राहिलो. अर्धा तास. शेवटी आबा मेलेले नाहीत, गावाला गेलेत, यावर एकमत झालं. गावाला जाणं हेही एक प्रकारचं मरणच. जाणकाराला कळेल.

९ एप्रिल, बुधवार
पिंडाचा केक झाला. भात मुलांना बोअर होतो म्हणे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, ऋताला, विचारलं. ती म्हणाली, पप्पा, वाढदिवस कोणाचा? मूलभूत प्रश्न आहे. कथेला खोली येतेय.

२३ एप्रिल, बुधवार
कावळ्याचा पोपट. काळा रंग स्क्रीनवर डल दिसतो. रात्रभर चिडायचं ठरवलं होतं, पण विचार केला तर कावळा जरा घिसापिटाच होता. नमिता म्हणाली, मग राहिलं काय? मी म्हटलं, आत्मा. आणि आबांचा आवाज. त्याला हात लावू देणार नाही. ही माझी लक्ष्मणरेषा.

६ मे, मंगळवार
बाबांची व्हॉइस टेस्ट. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. स्टुडिओत माइकला नमस्कार करूनच आत गेले. पहिलंच वाक्य असं बोलले की काचेपलीकडचा इंजिनियर पोट धरून हसला. मॅडमही हसल्या. मग मला बाहेर घेऊन म्हणाल्या, आवाज फार ऑथेंटिक आहे, मुलं घाबरतील, आणि भाषा सगळीकडे चालणार नाही. आम्ही क्यूट आवाज घेतोय.
लक्ष्मणरेषेबद्दल बोलणार होतो, पण त्यांचा कॉल आला.
घरी येताना बाबांनी विचारलं, झाला का काम? मी म्हटलं, थोडं बाकी आहे, आवाज जपा. रविवारी शांतपणे खरं सांगायचं. पक्कं.

११ मे, रविवार
पाहुणे होते. अशा गोष्टी चारचौघांत सांगू नयेत.

१८ मे, रविवार
पाहुणे नव्हते. पण बाबा मस्त मूडमध्ये होते. चांगल्या मूडचा सत्यानाश कशाला.

९ जून, सोमवार
हे लिहू नये असं वाटतंय.
आज चांगदेवकाकांचं दहावं. बाबांचे लंगोटीयार, मिठागरावर एकत्र राबलेले. सकाळी कावळा येईना. त्यांची सून धावत आली, म्हणाली, काका, चला. बाबा म्हणाले, पोरी, मना आवाज जपायला सांगितलाय, रेकॉर्डिंग बाकी हाय. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मोबाइलकडे.
तीन तास वाट बघून लोकांनी दर्भाचा कावळा करून शिववला. गावात पहिल्यांदाच. बाबा दिवसभर ओटीवर बसून होते. जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, चांगदेव समजून घील, टीव्हीचा काम हाय.
उद्या सकाळी सांगतोच.

१० जून, मंगळवार
सकाळी बाबांना म्हटलं, टेस्टमधलाच आवाज त्यांनी घेतला, आता काही बाकी नाही. नमिताने हे ऐकलं. आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही, असं तिने कळवलं, ऋताकरवी.

२ सप्टेंबर, मंगळवार
नाव बदललं. 'मिठू म्हणतो मस्त'. ठीक आहे. 'शिवत नाही' हे नाव निगेटिव्हच होतं.
संकल्प: प्रीमियरआधी सांगणे. पोपट दिसायच्या आधी. वेळ भरपूर आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उद्या प्रीमियर. बाबांनी आळीतल्या बाराजणांना बोलावलंय, चांगदेवकाकांच्या सुनेलाही. तिला म्हणाले, ये पोरी, चांगदेवाचा दहावा सोडून केलाय तो बघ तरी. नमिता चिवडा करतेय. अजून बोलत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी सव्वासहा
साडेपाचला सगळे जमले. बाबा मधल्या खुर्चीत, टोपी घालून. सांगायला म्हणून त्यांच्याशेजारी बसलो, तेवढ्यात सुरू झालं. हिरवा पोपट, केक, फुगे. आबा गावाहून व्हिडिओ कॉलवर, आवाज एखाद्या शहाण्या मुलीसारखा. माझं नाव शेवटी पळालं, जाहिरातीच्या पट्टीखालून.
बाबा मन लावून बघत होते. दोनदा हसलेही. संपल्यावर मला म्हणाले, बरा हाय रं पोपटाचा. आपला कवा लागनार?
ऋताने तोंड उघडलं. मी तिच्या हातात चिवड्याची वाटी दिली.
बाबांना म्हटलं, याच्यानंतर.

सात वाजता
गणिताचा कार्यक्रम लागला, मग माकडाचा. चांगदेवकाकांची सून सगळ्यात आधी उठली. जाताना माझ्याकडे बघून गेली, तिला कळलंय. बाकीचेही निघायला लागलेत. बाबा एकेकाचा हात धरून म्हणतायत, बसा, बसा, लागल आता.