पाटावर ठेवलेली कादंबरी

मास्तर, आज मी वर्गात एका पोरीच्या थोबाडीत मारली. इतकी जोरात, की तिच्या कानातलं डूल निसटून जमिनीवर पडलं. तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाहीत, तुमची छडी फळ्यावरची अक्षरं दाखवण्यापुरती; आणि तुमच्या हाताखाली शिकलेली मी, महाडच्या मुलींच्या शाळेतली बाई, दिवसाला दोघी-तिघींना तरी बडवते. पण आजचं वेगळं होतं. यंदा सातवीला पुन्हा तीच कादंबरी लावली आहे, किल्लेदाराची. मधल्या सुट्टीत दोघीजणी तिच्यावरून जुंपल्या. एक म्हणे, वेढा पडलेला असताना गडाचा दरवाजा शत्रूला उघडून दिला, फितूर मेला, कडेलोटच करायला हवा होता त्याचा. दुसरी म्हणे, गडावर पोरंबाळं उपाशी मरत होती, ती जिवंत बाहेर काढायला उघडला, पुण्य केलं त्याने. बोलता बोलता एकीने दुसरीच्या डोक्यात पाटी घातली. चौकट मोडली, कपाळ फुटलं, रक्त परकरापर्यंत आलं. मी पदर फाडून चिंधी बांधली आणि मारणारीला विचारलं, "अगं भवाने, गोष्टीतल्या माणसासाठी खऱ्या माणसाचं डोकं फोडतेस?" तर ती डोळे वटारून म्हणाली, "पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच असणार ना बाई?" तेव्हा माझा हात उठला. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, आणि हे सांगण्यासारखं दुसरं माणूस मला सापडलं नाही.

तुमच्या शाळेत आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि नवऱ्याने टाकलेली. तो मुंबईला गोदीत कामाला होता, तिकडे दुसरी केलीन, आणि मला माहेरी पोचती करायला आपल्या भावाला धाडलंन. पोलादपूरच्या खालच्या अंगाला आमची एवढी भातजमीन, पण बाबांना सही येत नव्हती. ते मला हाताला धरून तुमच्यासमोर उभे राहिले. "टाकली तर टाकली. मास्तर, हिला बसवा पोरांत. शिकली की त्या भाड्याला असं पत्र लिहील, सात पिढ्या वाचीत बसतील." तुम्ही घाट उतरून देशावरून आलेले, आमच्या बोलण्याची गंमत वाटून हसलात आणि भिंतीलगत मला चटईचा तुकडा दिलात. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांत ही एवढी घोडी बसलेली. पोरं खिदळायची. गावात तर विचारू नका. पाणवठ्यावर मी पाय ठेवला की बायांची बोलणी थांबायची, आणि माझी पाठ वळली की दुप्पट सुरू व्हायची.

ती कादंबरी शिकवायला घेतलीत त्या दिवशी तुम्ही वर्ग दोन भिंतींना वाटून टाकलात. किल्लेदार फितूर म्हणणारे खिडकीकडे, नाही म्हणणारे दाराकडे. "मत कुठलंही असू दे, कारण पाहिजे," म्हणालात. पोरं इकडून तिकडे पळत होती आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात. मी तुमच्या तोंडाकडे बघून तुम्हाला काय आवडेल ते ताडलं आणि वहीत तसंच लिहून आणलं. ती वही तुम्ही माझ्यापुढे टाकलीत. "हे माझं मत झालं. तुझं कुठाय?" मी रडले. मग तुम्ही शाळेतल्या तीन प्रतींतली एक मला घरी न्यायला दिलीत, आणि निघताना म्हणालात, "घरी कुणी ऐकायला बसलं तर आधी सांग हो, की हा किल्लेदार झालाच नाही. ना तो गड, ना तो वेढा. लिहिणाऱ्याने मनाने रचलंय. आपल्या लोकांना सांगावं लागतं." मी मान हलवली. चांगलं आठवतंय मला.

बाबांनी पहिल्याच दुपारी मला ओट्यावर बसवलं. "वाच गो, मोठ्यान वाच." आमच्याकडे मोठ्याने वाचायचं पुस्तक म्हणजे पोथी, दुसरं ठाऊकच नाही. आईने पाट मांडला, त्यावर तांबडं फडकं घातलं, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. मी म्हणणार होते, आये, अगं ही पोथी नव्हे. तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, पुस्तकाला नमस्कार केलान आणि मग माझ्या पायाला हात लावलान. माझ्या! पाणवठ्यावर सगळ्यात जास्त जीभ हिचीच. मी तोंड मिटलं आणि वाचायला लागले. चार दिवसांत ओटा पुरेना. आमच्यासारखे खालचे जमीनवाले तर आलेच, पण डोंगरातल्या वरच्या वाडीतली कुळवाडी माणसंही मोळ्या विकून जाताना टेकायची, मुंडासं काढून मांडीवर ठेवायची. बाबा मला "बाई, पाणी हवं का?" विचारायचे. मास्तर, जी पोरगी काल टाकलेली होती, तिच्या तोंडाकडे पन्नास माणसं बघत होती. हे खोटं आहे म्हणून सांगितलं असतं तर मी पुन्हा भिंतीलगत गेले असते.

किल्लेदाराने दरवाजाचा अडसर काढला, तिथे अध्याय संपला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. आता विटाळात पोथीला हात लावायचा नाही, हे काय सांगायला हवं! चार दिवस मी गोठ्याच्या पडवीत, पोथी पाटावर झाकलेली; शाळेतल्या पोराटोरांना तिला हात लावू देणार कोण, आणि दुसरं वाचणारं कुणी नाही. गोष्ट नेमकी तिथे अडली. पुस्तकात किल्लेदार घाटाखालच्या एका वाडीतला असं लिहिलेलं होतं, आणि आमच्याकडे वाडी म्हटली की ती डोंगरातली वरचीच, झालं! खालचे म्हणायला लागले, हा वरच्या वाडीचाच, तेव्हापासून यांच्या रक्तात फितुरी हाय. वरचे म्हणाले, आमचाच व्हता, आमच्याच म्हाताऱ्यान तुमची उपाशी पोरं जगवली, तुमचा वतनदार तवा कुठं लपला व्हता? पहिल्या दिवशी शिव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी भरदुपारी आमच्या पेंढ्याची उडवी पेटली. माझा चुलता कोयती घेऊन वर गेला आणि एकाचा कान अर्धा उतरवून आला. संध्याकाळपर्यंत आमच्या म्हशीच्या पायावर घाव. ती दावणीला आडवी पडून हंबरत होती, मी तिच्यापासून चार हातांवर, उठून तिला पाणी पाजायचीही चोरी. तिसऱ्या दिवशी दुपारी वरचे वीस-पंचवीस जण अंगणात येऊन उभे राहिले. दांडकी, कोयत्या, एकाकडे नुसता धोंडा. आमचे ओट्यावर. मध्ये तो पाट. आज मुडदा पडणार हे गोठ्यातून मला लख्ख दिसत होतं.

आणि तुम्ही आलात. कुणी सांगितलं कोण जाणे, धावत आला होतात, टोपी हातात, काखेत तुमची प्रत. "अरे थांबा, थांबा!" दोन्ही बाजू थांबल्यासुद्धा. तुम्ही दम खात हसलात. "अरे बाबांनो, ही कादंबरी आहे. हे काही घडलेलं नाही. असा किल्लेदारच नव्हता, मग तो वरचा कसला नि खालचा कसला?" मला वाटलं, आता सगळे हसतील. तुम्हालाही तसंच वाटलं असणार. पण दांडकी खाली आली नाहीत. कान तुटलेला तो वाडीतला माणूस पुढे आला, फडक्यातून रक्त गळत होतं. "नसलेल्यासाठी माझा कान गेला?" माझा चुलता म्हणाला, "खोट्या पोथीला हळदकुंकू वाहायला लावलंन यान! बायका पाया पडल्या गो आमच्या!" आणि कुणीतरी मागून ओरडलं, "देशावरचं बेणं, आपल्याला येडा समजतंय!"

बाबांनी हात वर केला. ते रागीट होते, पण न्यायाचे. गोठ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "गो, मास्तर म्हणतात ह्ये रचलेलं हाय. तुला आधी सांगितलं व्हतं त्यांनी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "सांग बाळ," म्हणालात.

मी म्हणाले, "नाय. मला काय सांगितलं नाय. शाळेत खरं म्हणूनच शिकवत्यात."

मग जे झालं ते दोन्ही बाजूंनी मिळून केलं. तीन दिवस एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं एका क्षणात एक झाली. आधी त्यांनी तुमच्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं. "पोथीला लागंल," म्हणत एकाने ते कपाळाला लावून पाटावर नीट ठेवलं, आणि मग पहिलं दांडकं तुमच्या तोंडावर बसलं. तुम्ही पडलात. वरचे मारतात, खालचे मारतात, कोण कुठला कळत नाही. तुम्ही ओरडत नाही, नुसतं "अहो, अहो" म्हणता. चुलत्याने घरातून मुसळ आणलं. ज्या हाताने तुम्ही फळ्यावर ती टपोरी अक्षरं काढायचात तो हात ओट्याच्या पायरीवर होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज वेगळाच आला. मी डोळे मिटले नाहीत. तुम्हाला वाटत असेल मी मिटले असतील.

पोलीस पाटलाला तुम्ही सांगितलंत, नदीवर दगडावरून पाय घसरला. हाडवैद्याने फळ्या बांधल्या, पण बोटं वळली ती वळलीच. तुम्ही बदली मागून घेतलीत. आणि जाण्यापूर्वी डाव्या हाताने, पोराटोरांसारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, माझ्यासाठी शिफारस लिहून ठेवलीत: मुलगी हुशार आहे, हिला शिक्षिका करावी. त्या कागदावर मी आज भाकरी खाते. कधी तरी तुमचा राग येतो हो मला! एक तरी शिवी द्यायची होती. एकदा तरी म्हणायचं होतं, खोटारडी आहे ही. तुम्ही गप्प राहिलात आणि मला आयुष्यभर बोलायला काही ठेवलं नाहीत. त्या पोरीला मारलं ते तिला नाही मारलं, हे कळण्याइतकी मी शिकले आहे. उद्या तिची माफी मागेन म्हणते. मागेन की नाही, सांगता येत नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक नाही. तुम्ही खाटेवर पडला होतात. पाचव्या दिवशी न्हाऊन मी पाटाशी बसले. पायरी शेणाने सारवून घेतली होती. वरचे, खालचे, सगळे आले. कान तुटलेला तो माणूस माझ्या चुलत्याला लागून बसला, दोघांत तंबाखूची एकच चंची फिरत होती. मी अडसराच्या ओळीपासून सुरू केलं, आणि किल्लेदाराचं गाव जिथे आलं तिथे पदरचं घातलं. घाटाखालचा नव्हे, तो मूळचा देशावरचा, असं वाचलं. "तरीच!" सगळा ओटा एका तोंडाने म्हणाला. बाबांनी मान डोलावली. हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण शेवटचं हे वाचून तुम्ही म्हणाला असतात, बाळ, घाबरली होतीस तू. नव्हते, मास्तर. त्या दुपारी माझा आवाज एकदाही कापला नाही. इतकं सुरेख मी त्यानंतर कधीच वाचलं नाही.