पाहणीत आढळून आले नाही

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आलो एकदाचे हैदराबादला! सामानातला एकच कप फुटला. तोही कौस्तुभच्या आत्याने लग्नात दिलेल्या सेटमधला, त्यामुळे मला फारसं दुःख झालं नाही. घर काचीगुड्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. वरचा मजला आमचा, खाली घरमालक अप्पाराव आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई. मूळचे नांदेडकडचे, पण तीन पिढ्या इथेच. अप्पारावांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. अजून उर्दू पेपर वाचतात आणि मराठी पाटी दिसली की चष्मा शोधतात. त्यांचं मराठी ऐकताना मला हसू आवरत नाही. गॅस सिलिंडर मी स्वतः उचलायला गेले तर म्हणाले, "नक्को बेटा, कायकू तकलीफ करून घेता?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा ओढा दिसतो. इथे त्याला नाला म्हणतात, पण पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आहे, बगळे येतात. पलीकडच्या काठावर दत्तोबांचा म्हशींचा गोठा. सकाळी सहाला ते दगडांवरून ओढा ओलांडून दूध घालायला आले. कौस्तुभ नव्या कंपनीवर खूश, मी खिडकीवर. बाबांना पत्र टाकलं की तक्रार करण्यासारखं इथे काहीच नाही. वाचून त्यांना वाईटच वाटेल.

९ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस ट्रक येताहेत. पाडलेल्या इमारतींचा मलबा सरळ ओढ्यात ओततात. वरच्या अंगाला कुणाचं तरी मोठं कॉम्प्लेक्स होतंय, त्यांना जागा हवी. पाणी तुंबून दत्तोबांच्या गोठ्यात शिरलंय. म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत. म्हातारा माणूस कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, नाला गेला तर मी कुठे जाऊ?

अप्पारावांचं मत, या पचड्यात पडू नका. पण मी सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी. आमच्या बाबांनी टपालपेटीचा रंग उडाला म्हणून चार वर्षं पत्रव्यवहार केला आणि शेवटी पेटी रंगवून घेतली. मी इंग्रजीत झकास अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या. उद्या महापालिकेच्या ऑफिसात देऊन पोच घेऊन येते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवसांत माणूस आला! पुण्यात आठ महिने लागले असते. बरोबर अकराला दारात उभा. साधा, अदबशीर, तेल लावून भांग पाडलेला. मी त्याला खाली ओढ्याकाठी नेलं, ट्रकच्या खुणा दाखवल्या. तो ओढ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि लिहू लागला. मला गंमत वाटली. लिहून झाल्यावर सही मागितली. सगळं तेलुगूत होतं. अप्पारावांना दाखवलं, तर त्यांनाही तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. माझंच म्हणणं लिहिलंय ना, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. मी सही केली. त्याने कार्बनची प्रत मला दिली. काम करणारी माणसं अशी असतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ओढा नाही.

नीट लिहिते. सकाळी खिडकी उघडली तर मागे सपाट मैदान. मलबा नाही, पाणी नाही, दगड नाहीत. गवत वाळलेलं, मध्ये एक बाभूळ, तिचा बुंधा माझ्या कवेत मावणार नाही एवढा. एका रात्रीत बाभूळ एवढी होत नाही. जयवंताबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, कोणता नाला? इथे तर पहिल्यापासून मैदान आहे. अप्पारावही तेच म्हणाले. थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कौस्तुभला ओढा आठवत नाही. याच खिडकीत उभं राहून त्याने मला बगळे दाखवले होते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नवी जागा, एकटेपणा, होतं असं. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

दत्तोबांना मात्र आठवतंय! मैदानात बसून होते, पाय अजून चिखलाचे. म्हशी कुठे आहेत ते त्यांना कळत नाहीये. मला म्हणाले, "बाई, तुम्हीच लिवा आता, आमचं कोण ऐकतंय." मी दुसरा अर्ज लिहिला, साक्षीदार म्हणून त्यांचा अंगठा घेतला. आता दोघं आहोत. दोघांना वेड लागत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तोच माणूस आला, अकरालाच. दत्तोबा त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. हा त्यांच्याकडे पाठ करून लिहीत होता. सहीशिवाय तक्रार पुढे सरकत नाही, म्हणाला. मी सही केली. ओढा परत मिळायला हवा होता मला.

२ डिसेंबर, मंगळवार

सहा वाजले. सात. आठ. दूध आलं नाही. जयवंताबाई म्हणतात, आपण तर वर्षानुवर्षं पिशवीचंच दूध घेतो. दत्तोबा? या नावाचं त्यांच्या ओळखीत कुणी नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

अप्पारावांची नात निशिगंधा आली होती. जामबागेतल्या कॉलेजात शिकते. मराठी अडखळत वाचते, तेलुगू फाडफाड. तिला दोन्ही कार्बन प्रती दिल्या.

पहिल्या कागदावर होतं: सदर ठिकाणी नाला नाही व पूर्वीही नव्हता. तक्रारदारास मान्य.

दुसऱ्यावर: दत्तोबा नावाची व्यक्ती पाहणीत आढळून आली नाही, ती पूर्वीही नव्हती. तक्रारदारास मान्य.

खाली माझी सही. वळणदार, तारखेसकट. निशिगंधाने विचारलं, "आंटी, ये दत्तोबा कौन है?" मी कागद तिच्या हातून काढून घेतले. एका जित्याजागत्या माणसाला मी न वाचता पुसून टाकलं. त्याने माझ्यावर भरवसा ठेवला होता.

आता अर्ज नाही. सही नाही. काही नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

खाली बाबांचा फोन आला होता. आवाज अगदी उत्साहाने भरलेला. कौस्तुभने त्यांना सगळं कळवलं होतं. पोरीची कुणी दाद घेत नाही म्हणजे काय, म्हणून त्यांनी पुण्याहून रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःच अर्ज धाडलाय. पोचही आली म्हणे! विचारलं, काय लिहिलं? त्यांनी वाचून दाखवलं. सदर पत्त्यावर माझी कन्या प्रणिता राहते. तिला मानसिक त्रास होत आहे. तरी समक्ष पाहणी करावी.

माझं नाव. पाहणी माझी.

बाबा, मागे घ्या, म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, घाबरू नकोस, मी आहे ना.

१५ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात जाऊन आले. आवक नोंद झालेला अर्ज परत मिळत नाही. मी सही करणार नाही, असं सांगितलं. कारकून म्हणाला, तुमच्या सहीची गरजच नाही. पाहणी तुमचीच आहे. घरातलं दुसरं कुणीही चालेल.

घरात दुसरं कोण आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

कौस्तुभला सगळं सांगितलं. दत्तोबा, कागद, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्यात. खाल्ल्या नाहीत.

पुण्याला जाऊया म्हटलं. तो म्हणाला, नाताळनंतर रजा मिळेल.

१९ डिसेंबर

एकटी स्टेशनवर गेले. तिकीट काढलं. कौस्तुभ मागोमाग आला, सगळ्या लोकांसमोर त्याच्या डोळ्यांत पाणी. परत आले. त्याला सोडून जाववत नाही, हेच खरं.

त्याला शपथ घातली, कोणत्याही कागदावर सही करणार नाहीस. त्याने हो म्हटलं. लहान मुलाला म्हणतात तसं.

२१ डिसेंबर

ऑफिसचं कार्ड आलंय, पाहणी उद्या. माझ्यासाठी रजा घेतलीय त्याने. घरी थांबणार. नको म्हटलं. ऐकत नाही —

२२ डिसेंबर, सोमवार

१०.५०. स्वयंपाकघरात बसलेय. कडी लावली होती, कौस्तुभने काढायला लावली.

११. बेल.

दार उघडलं त्याने. बसा म्हणाला. चहा विचारला —

मी हाक मारली. तो म्हणाला, आलोच.

सांगतोय की बायकोची तब्येत बरी नाही. हे प्रकरण एकदा मिटवून टाका. कायमचं मिटेल ना, विचारतोय. तो माणूस हो म्हणतोय —

कागदाचा आवाज

कौस्तुभला तेलुगू वाचता येत नाही

ओरडले. दोनदा. बाहेर तो माफी मागतोय माझ्या वतीने —

आत आला. चेहरा किती हलका झालाय त्याचा. साहेबांच्या पेनातली शाई संपलीय म्हणे. हात पुढे केलाय. माझ्याकडे हे एकच पेन. मी देणार नाही. लिहीत राहीन. लिहितेय तोवर पेन माझ्याच —

हसतोय. बोटं सोडवतोय माझी, एकेक, हळूच, दुखू नये म्हणून —

कौस्तुभ, आधी कुणाकडून तरी वाचून घे रे, एकदा तरी वा