पनीरच्या पाण्यावरचं यीस्ट

वर्तकनगर, ठाणे
१२ जानेवारी २०२५

चि. मृणाल हिस,
सप्रेम जयभीम व अ. आ.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता मोबाइलवर बोट वाजवतो. याला काय बोलणं म्हणायचं? घशाच्या ऑपरेशनने आवाज नेला, हात शाबूत आहेत. म्हणून पत्र.

गिळायला अजून त्रास होतो. पेज जाते, वरण जातं. वास कळत नाही. तुझ्या आईने सुकट भाजली तरी मला पत्ता नसतो. वजन उतरलंय. डॉक्टर म्हणतात, प्रोटीन वाढवा. तेव्हा आठवलं, आपली पोरगी तिकडे कर्नालला पनीरच्या उरलेल्या पाण्यावर यीस्ट वाढवते, त्याच्या पावडरीत निम्मं प्रोटीन असतं म्हणते. मग धाड की एक डबा! प्रयोगाच्या उंदरांना खाऊ घालतेस, बापाने काय घोडं मारलंय?

स्वेटर घालत जा. आठवण ठेव, म्हणजे सगळं आलं.

तुझा
पप्पा

कर्नाल
२३ जानेवारी

ती. पप्पांना,
सा. जयभीम.

पत्र वाचून हसले, मग मेसच्या मागे जाऊन रडले. डबा पाठवता येणार नाही, पप्पा. उंदीर छान वाढतायत. या प्रोटीनमध्ये एक घटक कमी पडतो, तो दुधाने भरून निघतो. पण यीस्टने युरिक ॲसिड वाढतं. ते कमी करायचंच माझं काम चाललंय, अजून जमलेलं नाही. त्यानेच तुमच्या पायाचा अंगठा सुजला की चादरही सोसत नाही, मी पाहिलंय. उद्या हे बाजारात आलं, तरी तुम्हाला चालेलच असं नाही. आणि मी इतके दिवस मनात तुमच्यासाठीच करत होते.

आईला सांगा, पनीर केलं की पाणी फेकू नको, त्यात मऊ भात शिजव.

आणखी एक. आपल्या ठाण्यातच, मानपाड्याला बिस्किटांच्या कंपनीत नोकरी मिळतेय. संध्याकाळी घरी असेन, तुम्हाला भरवीन. इथलं काम मात्र अर्धं सुटेल. तुम्ही ये म्हणा, लगेच निघते. म्हणाच.

आईला माझ्या वाटची मिठी.

तुमची
मृणू

वर्तकनगर
५ फेब्रुवारी

चि. मृणू,
जयभीम व अ. आ.

‘ये’ असं लिहून कितीतरी पानं फाडली. तुझी आई म्हणाली, बोलवा की, कशाला जीव जाळून घेताय.

ताकदीसाठी डबा मागितलाच नव्हता गं. तुझ्या हातचं काही घरात यावं, एवढंच.

काल हॉस्पिटलात बाकावर कळव्याचा रतन म्हणून एक जण भेटला. तरणा आहे, माझ्यासारखंच ऑपरेशन झालेला. त्याने पाटीवर लिहून विचारलं, काय खाता? मी तुझं काम लिहून सांगितलं. त्याने विचारलं, ते कधी मिळेल? त्याचा अंगठा सुजत नाही. मी लिहिलं, मुलीला विचारून सांगतो.

तेव्हा येऊ नकोस. बिस्किटं बघायला दुसरं कुणीही मिळेल.

पनीरच्या पाण्यातला भात दोन वाट्या जातो. संध्याकाळी लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की मी उठून उभा राहतो. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. काम पुरं कर, आणि मग एक दिवसही तिकडे थांबू नकोस.

तुझाच
पप्पा