सतरा चुकांची यादी

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ती. मामांना,

नमस्कार.

गाडी डेपोत उभी आहे. सीटच्या मागच्या जाळ्यांतून कागदी कप, केळ्यांची सालं आणि एका लहान मुलाचा मोजा काढून झाला. आता चार नंबरच्या सीटवर बसून लिहितो आहे. फेरी आठला सुटते. त्याआधी हे पत्र पुरं करायचं आहे, कारण आज राहिलं तर ते कायमचंच राहील.

फोन करता आला असता. पण फोनवर मी ‘मामा, एक सांगायचं होतं’ म्हटलं की तुम्ही म्हणता, ‘त्यावरून आठवलं’, आणि अर्धा तास जातो. पत्रात तरी मधे बोलता येत नाही.

खोकला कसा आहे? बाटलीतलं औषध दोन चमचे, दिवसातून तीनदा घ्यायचं आहे. तीन चमचे दोनदा नव्हे. चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. मोरीतला नळ मी आलो की दुरुस्त करीन, तोवर फडकं बांधून ठेवा.

इकडे सगळं ठीक. मालकांनी सीटना निळी कव्हरं घातली आहेत. माईक नवा आणला आहे, तो खरखरत नाही. माझा बिल्लाही आला. गाईडच्या लायसन्सच्या परीक्षेत शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले, हे तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘उरलेले नऊ कुठं सांडलेस?’

मुख्य गोष्ट ही की ड्रायव्हरकाका रविवारी, २४ तारखेला, शेवटची फेरी करणार आहेत. मग ते मुलाकडे राहायला जातील. मुलगा लांब असतो, परत येणं होईलसं वाटत नाही. त्या फेरीला तुम्ही यावं. बावीस वर्षं तुम्ही दोघांनी ही एक गाडी चालवली, त्यांनी स्टिअरिंगवर आणि तुम्ही तोंडावर.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात मी आलो होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘त्या घरभेद्याच्या गाडीत मी मेल्यावरसुद्धा बसणार नाही. खांद्यावरून न्या म्हणावं.’ मी तेव्हा चहा ढवळत होतो. त्यात साखर घातलेली नव्हती.

कालच्या फेरीचं सांगतो.

एकोणतीस प्रवासी होते. घाटातल्या तिसऱ्या वळणावर दरी मोकळी होती, पार तळाचा तलाव दिसत होता. मी खोली सांगितली, धरणाचं साल सांगितलं. कोणी मान वर केली नाही. जुन्या पुलाशी मी सांगितलं की पूल एकशे ऐंशी वर्षांचा आहे आणि बांधणारा इंजिनिअर सत्तराव्या वर्षी तापाने गेला. तुमच्या गोष्टीत तुम्ही त्याला त्याच पुलावरून नदीत उडी मारायला लावायचात आणि लोक कठड्यावरून वाकून खाली बघायचे. काल सगळे खाली उतरले, फोटो काढले आणि विचारलं, संडास कुठे आहे.

मी तुमच्यासारखा बोलत नाही हे मला कळतं. पण मी खरं बोलतो.

पडक्या गढीच्या दरवाजाशी एक आजी होत्या. पाच नंबरची सीट, हातात काठी, बरोबर मुलगी. मी कमानीची उंची सांगत होतो, तेवढ्यात मुलीने विचारलं, “अहो, तो पंजा कुठंय?”

“कोणता पंजा?” मी म्हटलं. मला माहीत होतं कोणता.

“गवंड्यानं बायकोचा हात दगडात कोरला तो. आई-बाबा नऊ वर्षांपूर्वी आले होते, तेव्हाच्या गाईडनी दाखवला होता. नवराबायकोनं मिळून त्यावर हात ठेवायचा म्हणे. बाबा गेले आता. आईला तेवढंच बघायचंय.”

मी म्हटलं, “ताई, तो पंजा नाही. दाराचा अडसर बसवायची खाच आहे. कडा झिजल्या म्हणून बोटांसारख्या दिसतात.”

मुलगी माझ्या अगदी जवळ आली आणि दात आवळून म्हणाली, “हे आईसमोर सांगायलाच हवं होतं का?”

आजी हसल्या. “अगं, मला ठाऊक आहे. तुझे बाबा जन्मभर गवंडीकाम करत होते. त्यांना कळणार नाही होय? तेव्हाच माझ्या कानात म्हणाले, अडसराची खाच आहे, हा बाबा फेकतोय.”

“मग?”

“मग काय! ठेवला हात. म्हणाले, एवढा जीव तोडून सांगतोय बिचारा, ठेवूया.”

आजींनी काठी मुलीकडे दिली आणि खाचेत हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. नंतर मला विचारलं, “ते गाईड कुठं असतात रे आता?”

मी म्हटलं, “रिटायर झाले.”

मामा, माझ्या आयुष्यात मी माईक हातात असताना बोललेलं हे पहिलं खोटं. माझ्या मागे ड्रायव्हरकाका पाण्याचा कॅन घेऊन उभे होते.

ते संध्याकाळी डेपोत गाडी धुताना पाइप माझ्या हातात देऊन म्हणाले, “रिटायर झाले होय? वा मास्तर. शोभतोस मामाचा भाचा. मारायला लागलास थापा.”

मी चाकावरचा चिखल काढत राहिलो.

“मालकानं मला ते पत्र दाखवलं होतं,” ते म्हणाले. “मार्चमध्येच. खाली नाव नव्हतं. पण पट्टीनं समास आखलेला, सतरा मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली रेघ. मालक म्हणाला, अक्षर ओळखता का? मी म्हटलं, नाही ब्वा. आता तू सांग, आपल्या डेपोत खिशात पट्टी घेऊन कोण हिंडतं?”

आता तुम्हाला कळलंच असेल. तरी मी स्पष्ट लिहितो, म्हणजे तुम्ही त्याची दुसरी काही गोष्ट करणार नाही. मालकांना ते पत्र मी पाठवलं. तुम्ही बसमध्ये सांगता त्यातल्या सतरा गोष्टी खोट्या आहेत हे मी लिहिलं, लायब्ररीतल्या पुस्तकाच्या पानांचे आकडे देऊन. मालकांनी तुम्हाला परीक्षा द्या म्हटलं, तुम्ही बिल्ला टेबलावर फेकलात आणि बाहेर आलात. त्याच आठवड्यात टिपांच्या वाटणीवरून ड्रायव्हरकाका तुम्हाला म्हणाले होते, ‘तुझ्या थापांचा एक दिवस बाजार उठेल.’ तेवढ्यावरून तुम्ही चोर पकडलात. मला तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, ते मला माहीत नाही.

मी काकांना विचारलं, “मग मामांना सांगितलं का नाहीत? आठ महिने ते तुमचं नाव घेत नाहीत.”

“त्याला काय, ड्रायव्हर दुसरा मिळेल. भाचा एकच आहे,” ते म्हणाले. “पण आता मी चाललो रे. जाण्याआधी त्या गाढवाला एकदा गाडीत बसलेलं बघायचंय. पुलावरून पुन्हा एकदा त्या इंजिनिअरला ढकलू दे त्याला.”

एवढं बोलून त्यांनी नळ बंद केला. मला शिवी दिली नाही. दिली असती तर मला रात्री झोप लागली असती.

मी खरं बोलायचं म्हणून ते पत्र लिहिलं, असं आठ महिने स्वतःला सांगत होतो. तेही पुरतं खरं नाही. त्या सतराच्या सतरा चुका आजही चुकाच आहेत, एकही मी मागे घेत नाही. पण अठरावी मी लिहिली नव्हती. ती आता लिहितो.

तिसऱ्या वळणावर गाडी हळू झाली की तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायचात आणि माईकमध्ये म्हणायचात, ‘हा आमचा भाचा, मास्तर. नववीत शाळा याला सोडायला तयार नव्हती, शेवटी यानंच शाळेला सोडलं!’ आणि सगळी बस हसायची. सहा वर्षं, वर्षाला दोनशे फेऱ्या. हिशेब तुम्हीच करा. मी पाण्याच्या बाटल्या वाटत हसायचो.

मी शाळा सोडली नव्हती, मामा. जानेवारीत तुम्ही वर्गाच्या दाराशी येऊन गुरुजींना म्हणालात, ‘गाडीवर माणूस कमी आहे, याला नेतो.’ मी दप्तर भरत होतो तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘मार्चपर्यंत थांबा, परीक्षा तरी होऊ द्या.’ तुम्ही त्यांनाही काहीतरी गोष्ट सांगितलीत आणि तेही हसले. आई गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत, भाकरी दिलीत, कधी हात उगारला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच मी तोंडावर काही बोलू शकलो नाही. मागून बोललो.

माझी माफी मागायची तयारी आहे, पण ती आज मागत नाही. ते आपल्या दोघांचं आहे, त्याला वेळ लागेल, कदाचित तुम्ही मला दाराशी उभंही करणार नाही. पण ड्रायव्हरकाकांकडे दहा दिवस आहेत. त्यांनी काही केलेलं नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर त्या दिवशी मी फेरीला येणार नाही. मालकांशी बोललो आहे. माईक तुम्हाला देतील, फक्त बिल्ल्याशिवाय. तुम्ही काय वाटेल ते सांगा. मी यादी करणार नाही.

सात पस्तीस झाले. प्रवासी फाटकाशी जमायला लागलेत. हे पत्र आणि सोबतचं पाकीट पार्सलच्या गाडीने पाठवतो. दर महिन्याच्या पैशांच्या पाकिटाबद्दलही मी एक गोष्ट दडवून ठेवली होती. नाव सांगू नको अशी अट होती, ती मोडून हिशेब देतो.

तुम्हाला मामा म्हणायचा हक्क राहिला असेल तर,
तुमचा भाचा

कालपर्यंतचा हिशेब

२४ तारखेचं तिकीट, सीट एक, ड्रायव्हरच्या बाजूची, माझ्या पगारातून : ६५०
आजींनी ‘त्या गाईडना द्या’ म्हणून दिलेले, पाकिटात वेगळे ठेवले आहेत : १००
एप्रिल ते नोव्हेंबर तुम्हाला पाठवलेले, आठ महिने, दरमहा ३५०० : एकूण २८,०००
पैकी माझे, दरमहा २००० : १६,०००
पैकी ड्रायव्हरकाकांचे, दरमहा १५०० : १२,०००
त्यांना परत केले : काही नाही